सुरतला टॅक्स कमी? नवापूरच्या एका घराचा हिशोब

प्रश्न साधा होता: गुजरातच्या हद्दीलगतच्या नवापुरात राहायचं की बिऱ्हाड सुरतला हलवायचं? पण घरातली चर्चा दर वेळी एकाच वाक्यापाशी येऊन थांबायची, 'तिकडे टॅक्स कमी आहे ना!' नेमका कोणता टॅक्स, किती कमी आणि आपल्याला तो लागतो तरी का, हे कोणी मांडून पाहिलेलं नव्हतं. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. खाली मांडलेलं कुटुंब म्हणजे अशा दोन-चार घरांचे हिशोब एकत्र करून बसवलेला नमुना आहे. पगार, भाडं, किमती गोल केल्या आहेत. कराचे दर मात्र खरे आहेत.

नवरा सुरतच्या पांडेसऱ्यात एका प्रोसेसिंग हाऊसमध्ये हिशोबनीस, पगार महिना ४२,०००. बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नवापुरातच एका खासगी शाळेत शिक्षिका, पगार २२,०००. मुलगी आठवीत. वडिलोपार्जित घर, आणि त्यात वडील, ज्यांना अख्खी गल्ली जिभाऊ म्हणते. नवरा सोमवारी पहाटेच्या गाडीने निघतो आणि शनिवारी रात्री परततो. उधन्याला तिघांत मिळून एक खोली आहे, त्याचा वाटा २,५०० रुपये. खान्देशातली निम्मी माणसं सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात अशीच वाटली गेली आहेत, त्यामुळे यात नवल काही नाही.

घरापुढे तीन निर्णय होते. बिऱ्हाड हलवायचं का? आठ लाखांची गाडी घ्यायची आहे, ती सुरतच्या मामेभावाच्या पत्त्यावर नोंदवायची का? आणि तीस लाखांचा फ्लॅट घ्यायचा तर तो डिंडोलीत घ्यायचा की वहिनींचं माहेर असलेल्या धुळ्यात?

पगारपत्रकापासून सुरुवात

आधी आयकर. तो केंद्राचा, म्हणजे नवापूर असो, सुरत असो की मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर, दर एकच. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पगारदारांना ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वेगळी. नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ५,०४,०००, बायकोचं २,६४,०००. दोघांचाही आयकर शून्य. हा मुद्दा मी मुद्दाम आधी घेतला, कारण बहुतेक लोकांच्या डोक्यात 'टॅक्स' म्हणजे हाच. तो शून्य असला की घरातून जो काही कर उरतो तो जीएसटी सोडला तर बहुतेक राज्याचा आणि गावाचा. राज्याराज्यांतला फरक याच घरांना जास्त बोचतो. तीस लाख पगाराच्या माणसाला वर्षाचे शंभर रुपये इकडे-तिकडे झालेले कळतही नाहीत.

मग व्यवसाय कर, म्हणजे पगारपत्रकात पी.टी. म्हणून कापला जातो तो. राज्यघटनेच्या कलम २७६ ने त्याला वर्षाला २,५०० रुपयांचं कुंपण घातलेलं आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ते २५० होतं. त्यामुळे कोणतंही राज्य या करात फार दूर जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, एकूण २,५००. गुजरातमध्ये एप्रिल २०२२ पासून १२,००० पर्यंत काही नाही, त्यापुढे महिना २००, एकूण २,४००. हा कर माणूस नोकरी कुठे करतो त्यावर लागतो, राहतो कुठे त्यावर नाही. नवऱ्याचं कापलं जातं ते आजही गुजरातच्याच दराने. बिऱ्हाड हललं काय, न हललं काय, त्याचे २,४०० कायम.

खरा फरक वहिनींच्या पगारपत्रकात निघाला. महाराष्ट्राने २०२३ पासून बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ केला. त्यांचा पगार २२,०००, म्हणून कापणी शून्य. गुजरातमध्ये बाई-पुरुष असा फरक नाही. तिकडे नोकरी धरली तर बारा हजारांच्या वर गेल्या की वर्षाला २,४०० जाणार. म्हणजे 'टॅक्स कमी' असलेल्या राज्यात गेल्यावर घराचा व्यवसाय कर दुप्पट होतो.

वहिनींचा भाऊ रावेरला राहतो आणि बऱ्हाणपूरला कामाला जातो, त्याचाही ताळा करून पाहिला. त्याचा पगार २४,०००, वर्षाचे २,८८,०००. मध्य प्रदेशात सव्वादोन लाखांपर्यंत माफी, सव्वादोन ते तीन लाखांत वर्षाला १,५००. तीन राज्यं, तीन आकडे, पण सगळे त्या २,५०० च्या कुंपणाच्या आतले. यावरून घर हलवायचा निर्णय घेणं म्हणजे पोस्टाच्या तिकिटावरून पत्र लिहायचं की नाही ते ठरवण्यासारखं आहे.

एक गैरसमज इथेच मोडावा लागला. 'सुरतला साडी, कापड, भांडी स्वस्त, कारण तिकडे टॅक्स कमी' हे वाक्य खान्देशात अजून चालतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून एका वस्तूला देशभर एकच दर आहे. सुरतच्या मार्केटात साडी स्वस्त मिळते ती तिथे ती बनते आणि घाऊक विकली जाते म्हणून, त्यात कराचा काही संबंध नाही. व्हॅटच्या, म्हणजे राज्याच्या जुन्या विक्रीकराच्या, काळात दोन राज्यांत दर वेगळे असायचे. ती आठवण लोकांच्या मनातून गेलेली नाही एवढंच. लग्नाचा बस्ता सुरतला बांधायला माझी काहीच हरकत नाही, फक्त कारण बरोबर सांगावं.

पेट्रोल: इथे मात्र फरक डोळ्यांना दिसतो

जीएसटीच्या बाहेर ज्या मोजक्या गोष्टी राहिल्या, त्यांत पेट्रोल आणि डिझेल. सुरत-धुळे महामार्गावर हद्द ओलांडली की गुजरातच्या बाजूच्या पंपावर एमएच-३९ पाटीच्या मोटरसायकली उभ्या दिसतात. जिभाऊही रविवारी तिकडे जातात आणि घरी येऊन कालनिर्णयच्या मागच्या पानावर 'वाचले' असा रकाना लिहितात. लिटरमागे दहा रुपये, आठ लिटरचे ८४, असे आकडे एकाखाली एक.

हे दहा रुपये कुठून येतात ते पाहू. समजा राज्याचा कर लागायच्या आधी, म्हणजे केंद्राचा अबकारी कर आणि पंपवाल्याचं कमिशन धरून, पेट्रोल ८० रुपये लिटर पडतं. महाराष्ट्रात त्यावर २५ टक्के व्हॅट म्हणजे २० रुपये, वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. पंपावरचा भाव १०५.१२. गुजरातमध्ये १३.७ टक्के व्हॅट म्हणजे १०.९६, आणि त्या सगळ्यावर ४ टक्के सेस म्हणजे ३.६४. भाव ९४.६०. मध्य प्रदेशात २९ टक्के, वर अडीच रुपये, वर १ टक्का सेस, भाव १०६.५०. म्हणून गुजरातच्या हद्दीवर आपली गाडी तिकडे जाते आणि बऱ्हाणपूरच्या हद्दीवर गणित उलटं होतं. वहिनींचा भाऊ टाकी रावेरलाच भरतो. 'बॉर्डरपलीकडे स्वस्त' हे वाक्य खान्देशाच्या एकाच बाजूला खरं आहे.

महाराष्ट्राचा २५ टक्क्यांचा दर जुलै २०२४ मध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईलाही लागू झाला. त्याआधी तिकडे २६ टक्के होता. खान्देशाला त्या बदलाने काही मिळालं नाही, कारण इथे आधीपासून २५ च होते.

आता डिझेल. गावात एकाचा छोटा टेम्पो आहे, तो केवळ डिझेलसाठी हद्द ओलांडतो. त्याला आकडा दाखवला तर पटेना. कराआधी ७४ रुपये धरले तर महाराष्ट्रात २१ टक्के, भाव ८९.५४. गुजरातमध्ये १४.९ टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, भाव ८८.४३. फरक रुपया-सव्वा रुपया. चाळीस लिटर भरले तर चव्वेचाळीस रुपये वाचतात. पेट्रोलच्या दहा रुपयांची ख्याती डिझेलनेही फुकट लाटली आहे. सीएनजीत तर महाराष्ट्राचाच व्हॅट कमी आहे: एप्रिल २०२२ पासून ३ टक्के, आणि गुजरातचा ऑक्टोबर २०२२ मध्ये १५ वरून खाली आणलेला ५ टक्के. सीएनजीचा पंपावरचा भाव मात्र त्या भागातल्या गॅस कंपनीवरही ठरतो, त्यामुळे पाटी वाचूनच बोलावं.

जिभाऊंच्या रकान्यात एक खाच होती: जाण्यायेण्याचं पेट्रोल. पंप नऊ किलोमीटरवर धरला तर अठरा किलोमीटरची फेरी. लिटरला पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीला साधारण ३६० मिली पेट्रोल, म्हणजे ३४ रुपये. आठ लिटरवर ८४ वाचले, हाती उरले पन्नास. महिन्याला दोनदा गेले तर वर्षाचे १,२००. पंपाजवळ चहा आणि गरम फाफडा घेतला तर तेही नाहीत. जिभाऊंना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "कितला वाचतस ते जाऊ दे, फिरनं व्हस ना!" यावर काय बोलणार.

हाच हिशोब कुणालाही करता येईल. टाकीत जेवढे लिटर भरता त्याला साडेदहाने गुणा, आलेल्या रकमेत पेट्रोल किती बसतं ते काढा, तेवढ्या पेट्रोलात गाडी किती पळते ते पाहा. ते अंतर फेरीचं. त्याच्या निम्म्यावर पंप असेल तर फायदा-तोटा शून्य. आठ लिटरच्या मोटरसायकलला ही रेषा एकीकडून सुमारे बावीस किलोमीटरवर येते. तीस लिटर भरणाऱ्या, लिटरला अठरा पळणाऱ्या कारला सुमारे तीस किलोमीटरवर. नवापूर या रेषेच्या बरंच आत आहे. साक्री, दोंडाईचा, शहादा बाहेर. नंदुरबारकरांना गुजरातमधलं निझर जवळ पडतं, पण तिकडे मुद्दाम निघायचं की कामाला गेल्यावर भरून यायचं, यावर सगळं अवलंबून. कामाने जाणाऱ्याला दहाचे दहा मिळतात, मुद्दाम जाणाऱ्याला निम्मे-अधिक रस्ता खातो.

आमच्या घराला याचा उपयोग किती? मोटरसायकलला महिन्याला १५ लिटर. बिऱ्हाड सुरतला गेलं तर काही न करता वर्षाला १,८९० रुपये वाचतील. पुढे कार आली आणि तिला महिन्याला ४० लिटर लागले तर आणखी ५,०४०.

गाडी मामेभावाच्या पत्त्यावर

इथे पैशाचा आकडा एकदम मोठा होतो, म्हणून मोहही मोठा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला एकरकमी वाहन कर ११ टक्के. आठ लाखांच्या गाडीला ८८,०००. गुजरातमध्ये खासगी कारला ६ टक्के, म्हणजे याच किमतीवर ४८,००० च्या घरात. फरक चाळीस हजारांचा. "गाडी सुरतनीच करानी शे," असं घरात जवळजवळ ठरलंच होतं.

अडचण मोटर वाहन कायद्यातली. १९८८ च्या कायद्याप्रमाणे गाडीची नोंदणी तिथे करायची, जिथे मालक राहतो किंवा त्याचा धंदा आहे आणि गाडी एरवी उभी राहते. एकदा नोंदणी झाली की ती देशभर चालते हे खरं, पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, नव्या राज्याचा कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी करून भरायचा, आणि जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायचा. परतावा मागणं सोपं आहे, तो हातात पडणं वेगळी गोष्ट.

मामेभावाचा पत्ता दाखवून नवापुरात गाडी उभी केली तर चाळीस हजार वाचले असं दिसतं, पण ती रक्कम टांगणीवरच राहते. वरून पत्ता खोटा, आणि कर्ज काढलं असेल तर बँकेच्या कागदावरही तोच खोटा पत्ता. नवापूरसारख्या गावात जीजे-०५ पाटीची गाडी वर्षभर एकाच दारात उभी असते हे सगळ्यांना दिसतं. मी या मार्गाला सरळ नकार दिला.

तेच बिऱ्हाड खरंच सुरतला गेलं आणि गाडी तिथेच राहिली, तर ४८,००० भरणं पूर्ण कायदेशीर, आणि चाळीस हजार खरोखर वाचतात. हाच एक मोठा कर असा, ज्यात 'राहणं कुठे' याला किंमत आहे.

महाराष्ट्रातच राहून हा फरक कमी करायची एक वाट आहे. सीएनजी गाड्यांना इथे कर कमी आहे. जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढूनही दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के. तीच गाडी सीएनजीत नव्वद हजारांनी महाग धरली, म्हणजे ८,९०,०००, तरी कर ७१,२००. पेट्रोलच्या ८८,००० पेक्षा सतरा हजारांनी कमी. अर्थात त्यासाठी गाडीची मूळ किंमत नव्वद हजारांनी वाढवली, ते कमी पळण्यात वसूल होणार नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा धुळ्याला जाणाऱ्या घराला सीएनजी परवडत नाही. पेट्रोलच घ्यायचं, नंदुरबारच्या आरटीओत नोंदवायचं, ८८,००० भरायचे, असं मी सांगितलं. ऐकताना नवऱ्याचा चेहरा उतरला, ते साहजिक होतं.

फ्लॅट: राज्य बदलायचं की नाव?

मुद्रांक शुल्क मालमत्ता जिथे आहे तिथलं लागतं. घेणारा नवापूरचा असला, त्याचं मतदान महाराष्ट्रात असलं, तरी डिंडोलीच्या फ्लॅटला गुजरातचाच दर. म्हणजे 'सुरतला राहायला जाऊ, मग शुल्क कमी लागेल' यात तथ्य नाही. न जाताही तेवढंच लागेल.

धुळे महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का स्थानिक अधिभार, मिळून ६. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,०००. तीस लाखांवर १,८०,००० अधिक ३०,०००, एकूण २,१०,०००. सुरतला मुद्रांक ४.९ टक्के, कारण मूळ दर साडेतीन आणि त्यावर चाळीस टक्के अधिभार. नोंदणी १ टक्का. १,४७,००० अधिक ३०,०००, एकूण १,७७,०००. सुरत तेहतीस हजारांनी स्वस्त.

आता तोच फ्लॅट एकट्या वहिनींच्या नावावर घेऊन पाहू. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सूट. धुळ्याचे १,८०,००० होतात. तीस हजार वाचले. गुजरातमध्ये बाईला नोंदणी शुल्क माफ, तिकडे १,४७,०००. म्हणजे हद्द ओलांडून जे तेहतीस हजार वाचतात, जवळपास तेवढेच धुळ्यात बसून नुसतं नाव बदलून वाचतात. गावात हे कोणी सांगत नाही. सगळे राज्यांची तुलना करतात, आपल्याच राज्याच्या सवलतीचा कागद उघडत नाहीत. नवरा-बायको दोघांचं नाव घालायची सवय इतकी पक्की आहे की ही सूट तिथेच हुकते.

फक्त बायकोच्या नावाने घेण्यात करामुळे अडचण येते का? यांना नाही. कर्जावरच्या व्याजाची वजावट, राहत्या घरासाठी, नव्या करप्रणालीत तशीही मिळत नाही आणि यांचा आयकर शून्यच आहे. नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर पुढे भाड्याने दिलं तर ते भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवायचं. बँक नवऱ्याला सहकर्जदार करून घेते का, मालक न करता, हे मात्र आधी विचारायला हवं. बँकेगणिक उत्तर वेगळं.

दर कमी असला तरी तो कशावर लावतात हेही पाहावं लागतं. आपल्याकडे रेडी रेकनर, गुजरातमध्ये जंत्री. व्यवहाराची रक्कम आणि हा सरकारी दर यांत जो जास्त, त्यावर शुल्क. गुजरातने एप्रिल २०२३ मध्ये जंत्री जवळपास दुप्पट केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एका नव्या जंत्रीचा मसुदा काढला, त्यात बऱ्याच ठिकाणी मोठी वाढ सुचवली होती. टक्का तोच राहून पाया वाढला की भरायची रक्कम वाढते. म्हणून डिंडोलीच्या त्या सोसायटीची जंत्री काढून आणा, मगच १,४७,००० वर विश्वास ठेवा, असं सांगितलं.

बऱ्हाणपूरचा विषय या बाबतीत लवकर मिटला. मध्य प्रदेशात नुसतं नोंदणी शुल्कच ३ टक्के, मुद्रांक वेगळा.

एका कागदावर

बिऱ्हाड हलवलं आणि गाडी घेतली नाही असं धरून वर्षाचा कराचा ताळेबंद असा. नवऱ्याच्या व्यवसाय करात बदल नाही. बायकोचे २,४०० वाढले. पेट्रोलचे १,८९० वाचले. विजेवर महाराष्ट्रात घरगुती वापराला १६ टक्के शुल्क, गुजरातच्या शहरात १५; महिना १,२०० च्या आकारावर बारा रुपये, वर्षाचे १४४ वाचले. बेरीज-वजाबाकी करून सुरत ३६६ रुपयांनी महाग. कार घेतली तर पेट्रोलमुळे सुरत वर्षाला पावणेपाच हजारांनी स्वस्त होते, आणि गाडी घेताना एकदाचे चाळीस हजार.

आता कराबाहेरचे आकडे. डिंडोलीत भाड्याची दोन खोल्यांची जागा महिना ९,०००, वर्षाला १,०८,०००. आज नवऱ्याचा खोलीचा वाटा, खानावळीचा जादा खर्च आणि रेल्वे मिळून ५४,००० च्या आसपास जातात, ते वाचतील. म्हणजे ५४,००० वाढले. वहिनींना तिकडे मराठी किंवा हिंदी माध्यमाच्या खासगी शाळेत १६,००० मिळतील असा अंदाज. वर्षाला ७२,००० घटले. एकूण सव्वा लाखाचा खड्डा. कराच्या ३६६ रुपयांवर घरात जितकी भांडणं झाली, तितकी या सव्वा लाखावर झाली नव्हती. नवरा रोज घरी जेवेल आणि मुलीचा अभ्यास घेईल, याची किंमत कागदावर लिहिता येत नाही; ती ज्याची त्याने धरावी.

कराची तुलना करताना राज्य देतं काय ही बाजूही धरायला हवी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वहिनी महिन्यातून दोन-तीनदा माहेरी जातात तेव्हा ते लागू होतं, पण राज्याच्या हद्दीपुरतंच. कमी उत्पन्नाच्या घरांना तर हा मुद्दा सगळ्यात मोठा ठरतो. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० हे अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबातल्या बाईला मिळतात. या घराचं उत्पन्न त्यापलीकडचं, म्हणून इथे लागू नाही. पण नवापूर तालुक्यातलं जे घर ऊसतोडीच्या किंवा मिलच्या कामासाठी कायमचं गुजरातला जातं, त्याचे वर्षाचे १८,००० जातात, आणि आदिवासी कुटुंब असेल तर जातीच्या दाखल्याचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्राचा दाखला गुजरातच्या आरक्षणाला आपोआप चालत नाही. त्यांनी पेट्रोलचे दहा रुपये मोजत बसू नये.

शेवटी ठरलं ते असं. मुलगी दहावी होईपर्यंत बिऱ्हाड हलवायचं नाही. गाडी नंदुरबारला नोंदवायची. घरातलं कोणी गाडी घेऊन कामाने हद्दीपलीकडे गेलं तरच गुजरातच्या पंपावर पेट्रोल भरायचं, मुद्दाम फेरी मारायची नाही. जिभाऊंना हा नियम लागू नाही. फ्लॅट धुळ्यात, एकट्या वहिनींच्या नावाने. डिंडोली तेहतीस हजारांनी स्वस्त असली तरी तिथे राहायला कधी जायचं हेच ठरलेलं नाही, आणि रिकामा फ्लॅट दुसऱ्या राज्यात सांभाळायला जाणं-येणं त्याहून महाग पडेल. नवऱ्याला हे पूर्ण पटलेलं नाही. त्याच्या मते सुरतची जागा वाढते, धुळ्याची नाही. तो मुद्दा खोटा नाही, पण तो कराचा नाही.

एक गोष्ट अजून उघडी आहे. धुळ्याच्या त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती पूर्ण होऊन राहण्याजोगी झाल्याचा दाखला, मिळालेलं असेल तर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसल्यास, म्हणजे ४५ लाखांच्या आत आणि आपल्याकडे ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आत, १ टक्का; यांना तीस हजार. बिल्डर तोंडी सांगतो की प्रमाणपत्र आलंय. ते हातात पडल्यावरच टोकन द्यायचं ठरलं आहे.